टायटॅनियमचा रेग्युलेटर: नवा घ्यावा, जुना घ्यावा की पितळेचाच बरा?

नाशिकला समुद्र नाही, पण तारकर्लीला, नेत्राणीला किंवा अंदमानात जाऊन स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स करून आलेली माणसं आता गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत भेटतात. कोर्स झाला की आधी मास्क येतो, मग फिन्स, मग डाइव्ह कॉम्प्युटर. त्यानंतर नजर रेग्युलेटरकडे, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबाला आणून देणाऱ्या यंत्राकडे, वळते आणि कुणी ना कुणी टायटॅनियमचं नाव काढतंच. हलका असतो, गंजत नाही, एकदा घेतला की जन्माची काळजी मिटली, असं ऐकायला मिळतं. त्यातच परदेशातून परत आलेला एखादा मित्र आपला जुना टायटॅनियमचा सेट विकायला काढतो, आणि किंमत ऐकून मोह होतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोकण, गोवा, अंदमान, लक्षद्वीप एवढंच फिरणाऱ्या नाशिककरानं नवा टायटॅनियम रेग्युलेटर घ्यावा असं सबळ कारण मला दिसत नाही. वर्षातून अनेकदा विमानानं डायव्हिंगला जाणाऱ्याला परवडत असेल, तर त्यानं जरूर घ्यावा. जुन्याचं गणित वेगळं आहे. तो नीट तपासला, त्याचे सुटे भाग अजून मिळत असले आणि सर्व्हिसचा खर्च धरूनही तो नव्याच्या निम्म्या किमतीत पडत असला, तर सौदा फार चांगला ठरू शकतो. ते कसं पाहायचं, हे पुढे क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: स्वतःचं डायव्हिंग कागदावर मांडा

दुकानात किंवा मित्राकडे जाण्याआधी चार गोष्टी लिहून काढा. वर्षाला किती डाइव्ह होतात, तिथवर कसे जाता, कोणत्या पाण्यात उतरता आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत काय करायचं मनात आहे.

डाइव्ह वर्षाला दहाच्या आत असतील, तर कोणत्याच धातूचा रेग्युलेटर विकत घेऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक सेंटरांत डाइव्हच्या पैशांतच सगळं साहित्य येतं. स्वतःचा रेग्युलेटर कपाटात नुसता पडून राहिला तरी त्यातले रबराचे आणि प्लॅस्टिकचे भाग म्हातारे होतात आणि सर्व्हिसचा खर्च चुकत नाही. ते पैसे चांगल्या कॉम्प्युटरवर किंवा आणखी एका ट्रिपवर घाला.

प्रवासाचा प्रश्न नाशिककरासाठी फार महत्त्वाचा आहे. मालवणला आपण गाडीनं किंवा कुडाळपर्यंत रेल्वेनं जातो. तिथं बॅगेत अर्धा किलो कमी-जास्त झालं तर काहीच बिघडत नाही. मुंबईहून किंवा ओझरहून विमान पकडून श्री विजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, जायचं असेल तर मात्र चेक-इन बॅगेची साधारण १५ किलोंची मर्यादा समोर येते. बीसीडी (हवा भरून पाण्यात तोल सांभाळणारं जॅकेट) तीनेक किलो, फिन्स दीड-दोन किलो, वेटसूट, आणि होज-गेजसकट रेग्युलेटरचा पूर्ण सेट अडीच-तीन किलो. वजनाचा विचार करायचा तो इथं.

पाण्याचं म्हणाल तर अंदमानात ते बहुतेक वेळा २७ ते ३० अंश सेल्सिअस असतं, म्हणजे थंड पाण्याची काळजीच नाही. मालवणचं पाणीही उबदार, पण गढूळ. पाण्यात बारीक वाळू आणि गाळ असतो. गढूळपणाचा हा मुद्दा धातूपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे येतो.

दुसरी पायरी: धातूमुळे काय बदलतं, काय बदलत नाही

रेग्युलेटरचं काम दोन टप्प्यांत होतं. सिलिंडरच्या तोंडावर बसणारा फर्स्ट स्टेज २०० बारच्या आसपासचा दाब उतरवून, भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बारनं जास्त एवढ्यावर आणतो. तोंडात धरायचा सेकंड स्टेज तो दाब आणखी उतरवून आपण असू त्या खोलीच्या दाबाइतका करतो. श्वास किती सहज येतो, हे त्यातल्या झडपेची रचना, ती बॅलन्स्ड (सिलिंडरमधला दाब उतरला तरी सारखीच चालणारी) आहे की नाही आणि नीट ट्यून केलेली आहे का, यावर ठरतं. धातूचा त्याच्याशी संबंध नाही. डोळे बांधून टायटॅनियमचा आणि पितळेचा, दोन्ही चांगले रेग्युलेटर दिले तर श्वासावरून कुणालाही ओळखता येणार नाहीत.

वजनात फरक खरा आहे. पितळेची घनता घनसेंटिमीटरला साधारण ८.५ ग्रॅम, टायटॅनियमची ४.५. म्हणजे त्याच आकाराचा फर्स्ट स्टेज जवळजवळ निम्म्या वजनाचा होतो. पण होज, गेज, ऑक्टोपस (जोडीदारासाठी ठेवलेला जादा सेकंड स्टेज) यांचं वजन तेवढंच राहतं आणि सेकंड स्टेजचं कवच तर बहुतेक सगळ्यांचंच प्लॅस्टिकचं असतं. त्यामुळे पूर्ण सेटमागे वाचतात ते काही शे ग्रॅम, फार तर अर्धा किलो. पाण्यात उतरल्यावर तोही फायदा राहत नाही, कारण पितळेचं वजन शिशाच्या पट्ट्यासारखंच आपल्याला खाली धरायला मदत करत असतं. ते गेलं की थोडं शिसं वाढवावं लागतं. जबडा कमी दुखतो असंही सांगतात, पण जबड्यावरचा ताण होजची लांबी, तिचा कोन आणि माउथपीस यांवर जास्त अवलंबून असतो.

गंजाबाबत टायटॅनियमची ख्याती रास्त आहे. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर आपोआप तयार होतो आणि समुद्राच्या पाण्यात नेहमीच्या तापमानाला तो धातू खराब होत नाही. पितळेवरचा क्रोमचा मुलामा मात्र कुठेतरी टिचला की खालून हिरवं व्हायला लागतं. तरीही भांडी बाजारातून आणलेला पितळी हंडा जसा नीट घासला-पुसला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, तसाच दर डाइव्हनंतर गोड्या पाण्यात भिजवलेला पितळी रेग्युलेटर वीस-पंचवीस वर्षं काम देतो. आणि धातू कोणताही असो, आतल्या ओ-रिंगा (सांधे हवाबंद ठेवणाऱ्या कड्या), सीट (झडप मिटताना टेकते तो मऊ भाग), डायफ्रॅम (दाबानं हलणारा पडदा) हे झिजणारे भाग रबर-प्लॅस्टिकचेच असतात. मिठाचे खडे ओ-रिंग कापतात, तेव्हा बाहेरचं कवच टायटॅनियमचं असल्याचा उपयोग होत नाही.

इथं एक कमी माहीत असलेली गोष्ट. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू चिकटून बसले की त्यांतला कमी प्रतिकारक धातू आधी झिजतो. टायटॅनियमच्या फर्स्ट स्टेजला जोडलेल्या होजची टोकं सहसा क्रोम केलेल्या पितळेचीच असतात. मुलामा फुटला की टायटॅनियम तसाच राहतो आणि ती टोकं हिरवी पडतात. जुना सेट पाहताना नेमकं तिथं बघायचं असतं.

आता सातपूर-अंबडला कारखान्यात काम केलेल्यांना लगेच पटेल असा मुद्दा. ओझरच्या एचएएलमुळे विमानांच्या कामाशी ओळख असलेले टर्नर, मिलर आपल्याकडे आहेत. टायटॅनियम कापताना उष्णता धातूतून वाहून जात नाही, टूलच्या टोकाशीच साचते, टूल लवकर जातं आणि बारीक चुऱ्याला आग लागण्याची भीती असते, हे त्यांना सांगावं लागत नाही. रेग्युलेटर महाग का, याचं उत्तर बरंचसं या मशीनिंगमध्ये आहे. आणि धातूच्या याच स्वभावातून डायव्हरसाठी दोन मर्यादा येतात.

पहिली, थंडी. हवा २०० बारवरून एकदम १० बारवर उतरते तेव्हा फर्स्ट स्टेज कमालीचा थंड होतो. पितळ भोवतालच्या पाण्यातली उष्णता पटकन आत ओढून घेतं. टायटॅनियमचे मिश्रधातू त्यात खूप मंद, काही तर पितळेच्या पंधराव्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहतात. युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंशांखालचं पाणी थंड धरतात. अशा पाण्यात बर्फ धरून हवा सुसाट सुटण्याचा धोका असतो आणि तिथं पितळेचा, सील केलेला (आत पाणी न शिरणारा) डायफ्रॅम फर्स्ट स्टेजच बरा. अंदमानात हा प्रश्न येत नाही. पण आइसलँडच्या सिल्फ्रात उतरायचं स्वप्न असेल, तर तिथलं पाणी वर्षभर २ ते ४ अंश असतं हे लक्षात ठेवा.

दुसरी मर्यादा ऑक्सिजनची, आणि ही जिवाशी गाठ आहे. जास्त दाबाच्या, जास्त टक्केवारीच्या ऑक्सिजनमध्ये टायटॅनियम पेट घेतो आणि पेटला की विझत नाही. म्हणून टायटॅनियम रेग्युलेटरवर ४० टक्के ऑक्सिजनपर्यंतच्या नायट्रॉक्सची (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेची) मर्यादा असते. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगमधलं ३२ आणि ३६ टक्क्यांचं नायट्रॉक्स त्यात बसतं. पुढे टेक्निकल डायव्हिंग करून ५० टक्क्यांची किंवा शुद्ध ऑक्सिजनची डिकम्प्रेशन बाटली (वर येताना टप्प्याटप्प्यानं थांबून श्वास घ्यायची) वापरायची असेल, तर तिथं टायटॅनियम कधीही लावायचा नाही. एखाद्यानं ‘ऑक्सिजन क्लीन करून देतो’ म्हटलं तरी नाही. साफसफाईनं धातूचा स्वभाव बदलत नाही.

तिसरी पायरी: नावावर जाऊ नका

टायटॅनियम या शब्दाभोवती बरीच गल्लत आहे. ॲक्वालंगचा ‘टायटन’ हा क्रोम केलेल्या पितळेचा आहे, नाव तेवढं भारदस्त. एपेक्सच्या काही मॉडेलांच्या नावात ‘टंगस्टन’ येतं, ते लेपाच्या रंगामुळे, खाली पितळच. ॲटॉमिकचा बी२ उत्तम रेग्युलेटर आहे, पण त्याचा फर्स्ट स्टेज झिर्कोनियमचा लेप दिलेल्या पितळेचा असतो. त्याच कंपनीची टी मालिका, म्हणजे जुने टी१, टी२, टी२एक्स आणि नंतरचा टी३, ही खरी टायटॅनियमची. ॲटॉमिक ही कंपनीच स्कूबाप्रोतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी १९९० च्या दशकात काढली आणि टायटॅनियमवर तिनं आपलं नाव केलं.

स्कूबाप्रोत ‘एस६२० टीआय’ हे नाव सेकंड स्टेजचं आहे. त्याच्या जोडीला एमके११ किंवा एमके२५ येतो तो पितळेचा. फर्स्ट स्टेज टायटॅनियमचा हवा असेल तर एमके२५टी हे नाव शोधायचं, शेवटच्या ‘टी’सकट. विक्रेता जुना सेट ‘टायटॅनियम’ म्हणून दाखवतो तेव्हा फर्स्ट स्टेजवर कोरलेलं नाव स्वतः वाचा.

चुंबकानं ओळखता येत नाही, कारण पितळ आणि टायटॅनियम दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. हातात घेतल्यावर आश्चर्य वाटावं इतका हलकेपणा, क्रोमची आरशासारखी चमक नसून राखाडी रंग, आणि ओरखड्याखाली पिवळं न दिसणं, या खुणा उपयोगी पडतात.

चौथी पायरी: नव्याचा हिशेब

ॲटॉमिक टी३ किंवा स्कूबाप्रोचा एमके२५टी घ्यायचा म्हटलं तर अमेरिकेतच दीड हजार डॉलरच्या वर जातो. त्यावर कस्टम ड्युटी, जीएसटी, वाहतूक धरली तर भारतात येईपर्यंत दीड-दोन लाखांच्या घरातली गोष्ट होते, आणि ऑक्टोपस, गेज, कॉम्प्युटर अजून बाकीच. तेवढ्याच पैशांत पितळेचा बॅलन्स्ड, सील केलेला डायफ्रॅम रेग्युलेटर, ऑक्टोपस, गेज, चांगला कॉम्प्युटर आणि अंदमानच्या एका ट्रिपचा बराच खर्च निघतो. बॅगेचं वजन कमी करायचं असेल तर प्रवासी बीसीडी आणि आखूड फिन्स घेऊन किलो-दीड किलो वाचतं, तेही कितीतरी स्वस्तात.

मग नवा कुणी घ्यावा? महिन्या-दोन महिन्यांनी विमानानं डायव्हिंगला जाणाऱ्यानं. जो रोज खाऱ्या पाण्यात उतरतो आणि ज्याला दरवेळी नीट धुवायला गोडं पाणी मिळेलच याची खात्री नाही, अशा इन्स्ट्रक्टरनं. आणि ज्याला सर्व्हिसची लांब मुदत हवी आहे त्यानं. टी३ साठी कंपनी ३ वर्षं किंवा ३०० डाइव्ह यांतलं जे आधी होईल ते सांगते. या मुदतीचं श्रेय धातूइतकंच रचनेला आहे. ॲटॉमिकच्या सेकंड स्टेजमध्ये दाब नसताना झडपेचं तोंड सीटपासून मागे सरकतं, त्यामुळे कपाटात पडून असताना सीटवर खळगा पडत नाही. हीच सोय त्यांच्या पितळी मॉडेलांतही आहे.

मालवणच्या गाळाचा मुद्दा इथं येतो. एमके२५ सारख्या पिस्टन (दट्ट्यावर चालणाऱ्या) फर्स्ट स्टेजमध्ये पाणी स्प्रिंगच्या कप्प्यात थेट शिरतं आणि त्याबरोबर वाळू-मीठही. सील केलेल्या डायफ्रॅममध्ये बाहेरच्या पाण्याचा आतल्या भागांशी संबंधच येत नाही. माझी डायव्हिंगची जागा मुख्यतः कोकण किनारा असेल, तर मी टायटॅनियमच्या उघड्या पिस्टनपेक्षा पितळेचा सील केलेला डायफ्रॅम पसंत करीन, आणि त्यात मला कमीपणा वाटणार नाही.

योक (सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर शिकंज्यासारखा आवळायचा) की डिन (व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसवायचा), हेही घेतानाच ठरवा. आपल्याकडच्या सेंटरांत बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचा ८० घनफुटी सिलिंडर योकच्या व्हॉल्व्हसह मिळतो. डिन हलका आणि मजबूत असतो, पण बरोबर योक ॲडॅप्टर ठेवावा लागतो, आणि तो जोडला की वाचवलेल्या वजनातला मोठा भाग परत येतो.

पाचवी पायरी: जुना सेट तपासणं

इथं सर्वांत जास्त वेळ द्या. टायटॅनियमचं शरीर टिकतं, म्हणून जुना घेण्यात अर्थ आहे. पण त्याच कारणानं बाहेरून नवाकोरा दिसणारा सेट आतून पार थकलेला असू शकतो. पितळ आपली उपेक्षा चेहऱ्यावर दाखवतं, टायटॅनियम दाखवत नाही.

आधी कागद. मूळ बिल आहे का, शेवटची सर्व्हिस कधी आणि कुठे झाली, त्या पावतीवर सिरीयल नंबर आहे का आणि तो फर्स्ट व सेकंड स्टेजवरच्या नंबरांशी जुळतो का, हे पाहा. आयुष्यभराच्या वॉरंटीचं कुणी कौतुक केलं तर ती बहुधा मूळ खरेदीदारापुरतीच असते, हे ध्यानात ठेवा. मग मॉडेलचं नाव घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: या मॉडेलचं सर्व्हिस किट आज मिळतं का? बहुतेक कंपन्या किट फक्त अधिकृत तंत्रज्ञांनाच देतात. उत्तर ‘नाही’ आलं, तर तो रेग्युलेटर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

नंतर नुसत्या डोळ्यांनी. सिलिंडरवर बसणाऱ्या तोंडाशी एक छोटी जाळीदार गाळणी दिसते. ती स्वच्छ धातूच्या रंगाची हवी. हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलं आहे. तांबूस-तपकिरी भुकटी असेल तर कुठल्यातरी गंजलेल्या स्टीलच्या सिलिंडरवर तो वापरला आहे. काळी असेल तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा आला असावा. हिरव्या गाळणीचा टायटॅनियम सेट पाहून ‘धातू तर गंजत नाही ना’ असं म्हणून पुढे जाऊ नका. गाळणी आणि आतले कित्येक भाग टायटॅनियमचे नसतात.

होजची टोकं जिथं फर्स्ट स्टेजमध्ये शिरतात तिथं हिरवा थर आहे का पाहा. होज वाकवून टोकाजवळच्या चिरा बघा. पाच वर्षांहून जुनी होज बदलायचीच असा हिशेब धरा. विणलेल्या कापडी कवचाची होज असेल तर वय आणखी गांभीर्यानं घ्या. अशा काही होजमध्ये आतली नळी कालांतरानं विघटित होऊन खड्यांसारखे स्फटिक तयार होतात आणि हवेची वाट अडते. बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही.

टायटॅनियमचे आटे एकमेकांना धरून बसतात, जाम होतात. मशीन शॉपमधल्या माणसाला हे ठाऊक असतं. म्हणून पोर्टचे प्लग आणि होज कधी सोडवले होते का, हे विचारा. षटकोनावर पाना घसरल्याचे ओरखडे असतील तर कुणीतरी जोर लावला आहे. योग्य ग्रीस न लावता आवळलेला टायटॅनियमचा भाग सर्व्हिसच्या वेळी निघालाच नाही, तर नवा भाग पितळेच्या तुलनेत फार महाग पडतो.

आता कोरडी चाचणी, जी नाशिकला घरी बसूनही होते. फर्स्ट स्टेजचं तोंड धुळीच्या टोपीनं घट्ट बंद करा, सेकंड स्टेज तोंडात धरून हवा ओढा. थोडी हवा येऊन ओढ बसली पाहिजे आणि ती काही सेकंद तशीच राहिली पाहिजे. हवा येतच राहिली तर डायफ्रॅम फाटलेला, एक्झॉस्टची झडप वाकलेली, कवचाला तडा किंवा माउथपीसला भोक, यांपैकी काहीतरी आहे. ऑक्टोपसवर हेच पुन्हा करा. ही चाचणी नापास झाली तरी दोष स्वस्तात दुरुस्त होण्याजोगा असू शकतो, पण किंमत उतरवायला तुम्हाला कारण मिळतं.

दाबाखालची चाचणी मात्र भरलेल्या सिलिंडरशिवाय होत नाही. ती तारकर्ली, गोवा किंवा मुंबईच्या डाइव्ह सेंटरमध्ये करा आणि सौदा त्यानंतरच पक्का करा. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरनं ती करायचा विचार मनातही आणू नका. तो आठ-दहा बारच देतो आणि त्या हवेत तेल असतं. वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर तर टायटॅनियमजवळ आणायचाच नाही.

सेंटरमध्ये बीसीडीच्या इन्फ्लेटर होजला (जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या नळीला) जोडायचं छोटं प्रेशर गेज मिळतं. ते लावा, सिलिंडर सावकाश उघडा आणि सेकंड स्टेजवरचं पर्ज बटण (दाबलं की हवा सुटते ते) चार-पाच वेळा दाबा. काटा खाली जाऊन परत वर येतो आणि ९ ते १० बारच्या आसपास, म्हणजे साधारण १३० ते १४५ पीएसआयला, टक्कन थांबला पाहिजे. नेमका आकडा त्या मॉडेलच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. मग पाच-दहा मिनिटं काट्याकडे लक्ष ठेवा. तो हळूहळू वर सरकत राहिला तर हाय प्रेशर सीट गेली आहे. सीट स्वस्त असते, पण ज्या धारेवर ती बसते तिला ओरखडा असेल तर खर्च वाढतो. जमल्यास हीच चाचणी जवळजवळ रिकाम्या, ५० बारच्या सिलिंडरवरही घ्या. बॅलन्स्ड फर्स्ट स्टेजचा आकडा फारसा हलत नाही.

शेवटी पाण्याची बादली. सेकंड स्टेजवरचा व्हेंचुरीचा (हवेचा झोत कमी-जास्त करणारा) खटका ‘प्री-डाइव्ह’वर ठेवा, माउथपीस वर आणि पर्जची बाजू खाली धरून सावकाश पाण्यात उतरवा. साधारण अडीच ते चार सेंटिमीटर पाणी चढल्यावर हवा फुसफुसायला लागली पाहिजे. त्याआधीच सुटत असेल तर झडप फार हलकी लावली आहे. पाच सेंटिमीटरच्या पुढे जावं लागलं तर श्वास जड येईल. पूर्ण सेट बुडवून प्रत्येक सांध्यातून बुडबुडे येतात का तेही पाहा.

सहावी पायरी: किंमत आणि सर्व्हिस

मागितलेल्या किमतीत पूर्ण सर्व्हिस, तीन-चार नव्या होज आणि पाठवणीचा खर्च मिळवा. बेरीज त्याच मॉडेलच्या नव्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाली तर सोडून द्या. ती निम्म्याखाली असली तरी नव्या, चांगल्या पितळी सेटशी तुलना करा. विक्रेता ‘मागच्याच वर्षी सर्व्हिस केली’ म्हणाला आणि पावती नसली, तर झालीच नाही असं धरून हिशेब करा. मित्र असला तरी हाच नियम ठेवा. श्वासाचा मामला आहे, आणि चांगला मित्र त्यावर रागावत नाही.

सर्व्हिससाठी नाशिककराला बहुतेकदा मुंबई किंवा गोव्याकडे पाहावं लागतं. स्कूबाप्रोचं वेळापत्रक वर्षाला तपासणी आणि दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्हनंतर पूर्ण सर्व्हिस असं आहे. डायव्हिंगचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत, म्हणून पावसाळ्यात सेट पाठवलात तर घाई नसते. कोणत्या ब्रँडचा अधिकृत तंत्रज्ञ आपल्याला जवळ आहे, हे मी मॉडेल निवडण्याआधी विचारतो. जगातला सर्वोत्तम टायटॅनियम रेग्युलेटर किटची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहिला तर हंगाम जातो.

अंबडमधला ओळखीचा मशीनिस्ट कितीही हुशार असो, त्याच्याकडून रेग्युलेटर उघडून घेऊ नका. त्याचं कसब मला मान्य आहे. पण इथं लागतात त्या कंपनीच्या पान्यांचे आकार, आवळण्याचे ठरलेले टॉर्क, ऑक्सिजनशी चालणारं ग्रीस आणि मूळ सीट. नेहमीचा गंजरोधक स्प्रे किंवा मशीनचं तेल आत गेलं तर ते श्वासातून फुप्फुसात जाईल.

घरी आल्यावर

टायटॅनियम आहे म्हणून धुण्यात सवलत नाही. धुळीची टोपी आधी कोरडी करून घट्ट बसवा, मग सेट साध्या, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि भिजताना पर्ज बटण दाबू नका, नाहीतर पाणी होजमधून मागे फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. बोअरचं पाणी टाळा. आपल्याकडे अनेक सोसायट्यांत ते जड असतं आणि वाळल्यावर झडपांवर पांढरा थर सोडतं. नळाचं पाणी वापरा. सावलीत टांगून वाळवा, होज तीव्र कोनात दुमडू नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत तो सेट ठेवला तर रबराचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं.

जुना सेट सर्व्हिस होऊन परत आला की थेट नेत्राणीच्या वीस मीटरवर जाऊ नका. पहिल्यांदा तो सेंटरच्या तलावात किंवा पाच-सहा मीटरच्या शांत पाण्यात, इन्स्ट्रक्टरला सांगून वापरा. दोन्ही सेकंड स्टेजवर आळीपाळीनं श्वास घ्या, डोकं खाली-वर करून पाहा, जोरात चारसहा श्वास ओढून हवा कमी पडते का ते बघा, आणि वर आल्यावर सिलिंडर बंद करण्याआधी फर्स्ट स्टेजवर कान ठेवून कुठे बारीक शिट्टी ऐकू येते का ते पाहा. शिट्टी आली तर त्या दिवशी सेंटरचा रेग्युलेटर लावा आणि आपला सेट पावतीसकट परत तंत्रज्ञाकडे पाठवा.